रिकामा दाखवलेला उतार

मी नदीकाठी माणसं मोजते. काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते. नातेवाइकांना वाटतं मी जनगणनेत आहे. माझी आत्या अजूनही विचारते, "मग कायम कधी होणार गं?"

खरं काम असं आहे. एखाद्या शहराला आपल्या नदीचा काठ नव्याने बांधायचा असतो. बसायला जागा, चालायला वाट, दिवे, झाडं, पाण्यापर्यंत उतरायची सोय. असे आराखडे काढणाऱ्या एका ऑफिसात मी नऊ वर्षं आहे. आराखड्याआधी तिथे आज कोण येतं, येऊन काय करतं, हे कागदावर आणावं लागतं. ते माझ्याकडे. काठाचे तुकडे पाडायचे, दर पंधरा मिनिटांनी सगळ्या तुकड्यांतून एक फेरी मारायची आणि जो माणूस दिसेल त्याच्या जागी नकाशावर ठिपका द्यायचा. बाईला लाल, पुरुषाला निळा, मुलांना हिरवा. बसलेलं माणूस असेल तर ठिपक्याभोवती गोल, म्हातारं असेल तर खाली रेघ. दिवस संपेपर्यंत कागदाला गोवर उठल्यासारखं दिसतं.

या ठिपक्यांत मोठी ताकद असते. ते दाट असतील तिथे बाकं येतात, दिवे येतात, नळ येतो. ते नसतील तिथे आर्किटेक्टची पेन्सिल मोकळी सुटते. ठिपका नाही म्हणजे माणूस नाही.

दिवाळी अंकात आठवणी लिहाव्यात एवढं माझं वय नाही. पण एक चूक लिहून ठेवावी एवढं काम नक्की झालं आहे. ती चूक माझ्याच गावात, पनवेलला, गाढी नदीच्या काठी झाली.

त्याआधी मोजणीत भेटणाऱ्या माणसांबद्दल थोडं सांगते, नाहीतर हे काम रुक्ष वाटेल. पनवेलच्या काठावर एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी कठड्यावर बसायचे, नदीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. मी विचारलं, नदी नाही का बघायची? म्हणाले, "नदी काय, चोवीस तास तिथेच आहे. माणसं निघून जातात." त्यांच्यामुळे आमच्या आराखड्यात दोन्हीकडे तोंड करून बसता येईल अशी बाकं आली. कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्या तासभर काठावर येरझाऱ्या घालायच्या आणि एकदाही बसायच्या नाहीत. त्यांना विचारलं तर एक म्हणाली, "ताई, बसलं की लोक बघतात, कोणाची वाट बघतायत म्हणून. चालत राहिलं की कोणी काही विचारत नाही." मी त्या दिवशी ऑफिसात येऊन भांडले. बायकांनी शहरात बिनकामाचं बसायचं असेल तर तशी जागा मुद्दाम बांधावी लागते, आपोआप होत नाही, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

भांडायची सवय घरची. बाबा तळोज्याला एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. रविवारी सकाळी छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि आई, मी आणि बाबा जमिनीवर बसून घड्या घालायचो. मी जोडाक्षरं शिकले ती ‘व्यवस्थापन’ आणि ‘निषेधार्ह’ या शब्दांवर. पत्रकांबाबत बाबांचा एक नियम होता. आपल्या हातून चूक छापली गेली तर शुद्धिपत्रक काढायचं, आणि तेही त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच गेटवर, त्याच माणसांच्या हातात द्यायचं. एकदा त्यांनी एका सुपरवायझरवर चुकीचा आरोप छापला होता. दुसऱ्या दिवशी ते एकटे गेटवर उभे राहून "माझी चूक झाली" असा कागद वाटत होते. आपलेच कामगार त्यांच्यावर चिडले होते, तरी ते हलले नाहीत.

आणि आमच्या घरात वार पाळत नसत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, म्हणून त्या दिवशी मासळी-मटण नाही, हे बाबांना मान्य नव्हतं. ते गुरुवारी मुद्दाम बोंबील तळायचे, तेही खिडकी उघडी ठेवून. आई म्हणायची, "देवाला नका मानू, शेजाऱ्यांना तरी माना." मी शाळेत हे फुशारकीने सांगायचे.

तर पनवेलचं काम आमच्या ऑफिसकडे आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला. मोजणीचे दिवस मीच ठरवले. आमच्या कामात नेहमी कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक दिवस धरतात. एकदा एका बुधवारी जागा बघायला गेले होते, तर शाळेमागचा काठाचा रस्ता स्कूटरनी इतका भरला होता की टेप धरायला जागा नव्हती. मी गर्दी पाहिली, ती कशाची आहे हे विचारलं नाही. मोकळे दिवस शोधले. सोमवार, गुरुवार आणि शनिवार.

तीन आठवडे मोजलं. शाळेमागे पाण्यात उतरणारा एक जुना दगडी उतार आहे. तीनही दिवशी तिथे पालथ्या घातलेल्या होड्या, एखादं मांजर, क्वचित एखादा निळा ठिपका. मी अहवालात लिहिलं, ‘वापर नगण्य’. खाली सही केली.

आमचे सर चांगले आर्किटेक्ट आहेत. मोकळी जागा दिसली की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी त्या उतारावर दगडी पायऱ्या काढल्या, अर्धगोल, नाटकं-गाणी करता येतील अशा, आणि बाजूला हिरवळ. चित्र सुंदर होतं. त्या चित्रातल्या पायऱ्यांवर बसलेल्या मुली मीच काढायला लावल्या होत्या.

त्याच सुमारास मी हमीदभाईंकडे गेले. कुवेतला आयुष्यभर क्रेन चालवून परत आलेले, अर्धांगवायूमुळे चाकाच्या खुर्चीवर असलेले हे गृहस्थ मोहल्ल्याच्या तोंडाशी राहतात. खुर्चीवरच्या माणसाला नदीपाशी जायला काय लागतं ते मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं. दिवस सोमवार. त्यांच्या दारात एक कोळीण पाटी घेऊन बसली होती आणि दोघांचं भांडण चाललं होतं.

"ही बोय कालची आहे, खुदा की कसम."

"चाचा, दारात आनून देते ते उपकार माना. कालची असती तर वास मोहल्लाभर गेला असता."

"मला काय दिसतंय इथून? तू टाकशील तो वाटा, तू देशील ती बोय."

बोय हा खाडीतला मासा, आणि वाटा म्हणजे मासळीचा लहान ढीग. वजन न करता असे ढीग लावून विकतात आणि गिऱ्हाईक आपल्याला आवडेल तो उचलतं. मला घाई होती. मी त्या बाईच्या पाटीवरून पाय टाकून आत गेले.

हमीदभाईंनी मला नीट समजावलं. एक फूट खाली उतरायचं तर बारा फूट लांबीचा रस्ता हवा, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण मध्ये थांबायला सपाट जागा हवी, कारण ढकलणाऱ्याचाही दम जातो, हे त्यांनी सांगितलं. "माझी बेगम साठ वर्षांची आहे, बेटा. तिचाही नकाशा काढ." शेवटी मी विचारलं, नदीपाशी जाऊन तुम्हाला काय करायचंय? मला वाटलं होतं वारा, सूर्यास्त असं काही सांगतील. ते म्हणाले, "मासळी घ्यायची आहे. चार वर्षं दारातून घेतोय. माझा वाटा मला निवडायचाय." मी हसले आणि वहीत लिहिलं, ‘पाण्याचं दर्शन’. आराखड्यात त्यांचा रस्ता फुलझाडांमधून, पाणी लांबून दिसेल अशा जागी गेला.

मग आराखडा मंजुरीपूर्वी लोकांपुढे ठेवायची वेळ आली. शाळेच्या सभागृहात शुक्रवारी जाहीर सुनावणी होती. मी त्यासाठी एक पुस्तिका लिहिली, ‘नदी सगळ्यांची’. काय आवेशाने लिहिली होती! ‘या काठावर कोणीही उपरं नाही’ असं पहिलं वाक्य होतं. बाबांनी वाचून मान डोलावली. पुस्तिका छापून यायला उशीर झाला, म्हणून वाटायला निघाले ती बुधवारी सकाळी.

निम्म्या वाटून शाळेमागे वळले आणि पाय थांबले. उतार माणसांनी भरला होता. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्या आडोशाने दहा-बारा बायका बसलेल्या, पुढे केळीच्या पानांवर वाटे लावलेले. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, निवट्या. एका बाजूला विळीवर मासळी कापून देणाऱ्या दोघी. वरच्या रस्त्यावर स्कूटर, पिशव्या, आरडाओरडा. मी वहीत बघितलं, उताराकडे बघितलं. तोवर मला कधी कामावर अशी लाज वाटली नव्हती.

पहिल्या वाट्यामागे हमीदभाईंच्या दारातली ती कोळीण होती. हिराबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. मी तिच्यापुढे पुस्तिका धरली.

"काय गो, तू तीच नाय? माजे पाटीवरनं पाय टाकून गेलेली?"

"चुकलं मावशी."

"धंद्यावरनं पाय टाकत नाय कोणी. बस हितं." मी बसले. तिने ओले हात पदराला पुसले आणि पुस्तिकेतला नकाशा उघडला. "आमी कुटं हाव यात?"

मी बोट ठेवलं.

"हे हिरवं काय हाय?"

"गवत. हिरवळ."

तिने शेजारणीला हाक मारली. "सखू, ऐक. आपले बसायचे जागेवर गवत लावतात." दोघी हसल्या. "अगो, अमावास्या-पुनवेला खारं पाणी पार वर येतं. गवत दोन दिस जगायचं नाय. आनि ह्या पायऱ्या? होडी काय पायऱ्या चढंल?"

"तुम्ही इथे रोज असता?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार. मंगळवारी थोडं. बाकीचे दिवशी हितं कोण येतं घ्यायला? तवा पाटी घेऊन मोहल्ल्यात फिरतंव, तितं वार नसतात."

"पण होड्या तर भरतीबरोबर येतात ना? कुठल्याही दिवशी."

हिराबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा तिची पाटी ओलांडली होती. "भरती वार बघत नाय. गिऱ्हाईक बघतं. तू कुटली गो?"

"पनवेलचीच."

"पनवेलची! आनि सोमवारी मासळी मोजायला आली!"

मग हसणं थांबलं. तिने नकाशा घडी करून मला परत दिला. "माजी सासू हितं बसायची. हे पायऱ्यांचं झालं तर होड्या कुटं लावायच्या आनि आमी कुटं बसायचं, ते पन लिव यात." आणि ती समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तिथेच उतारावर बसून दुपारपर्यंत मोजलं. लाल ठिपक्यांनी तो तुकडा इतका भरला की कागद फाटला.

दुपारी ऑफिसात गेले. सरांना म्हणाले, "सर, शाळेमागचा उतार रिकामा नाहीये."

"मोजणी तुझी आहे."

"हो. चुकली."

"किती?"

"पूर्ण."

त्यांनी नवा कागद बराच वेळ बघितला. "सुनावणी परवा आहे. आराखडा पुढे गेलाय. मंजुरी होऊ दे, मग पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढच्या टप्प्यापर्यंत तिथे पायऱ्या झालेल्या असतील."

"उद्या तू म्हणालीस मोजणी चुकली, तर परवा लोक म्हणतील बाकीचीही चुकली असेल. दोन्हीकडे तोंडाची बाकं, मुलींच्या जागा, हमीदभाईंचा रस्ता, सगळ्यावर बोट येईल. आणि तुझी सही आहे. दुसऱ्या शहरात कोणी तुला मोजणी देणार नाही." ते धमकी देत नव्हते. खरंच काळजीने सांगत होते, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, "म्हणजे बोंबील मी तळले आणि जागा तिची गेली." थोड्या वेळाने म्हणाले, "शुद्धिपत्रक काढ."

"बाबा, नोकरी जाईल."

"अक्षरांचा आकार तोच ठेव."

गुरुवारी छापून घेतलं. बारा ओळी होत्या. ‘पुस्तिकेत पान चारवर शाळेमागचा उतार रिकामा दाखवला आहे. तो रिकामा नाही. मोजणी सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी झाली. त्या दिवशी निम्मं पनवेल मासळी घेत नाही, त्यामुळे विकणाऱ्या तिथे बसत नाहीत. मोजणी करणारी पनवेलचीच आहे. तिला हे कळायला हवं होतं.’ खाली माझं नाव. संध्याकाळी एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, ‘झालं तर मग’ एवढंच म्हणाले, आणि ट्रेसिंग कागदाचा गुंडाळा ओढून घेतला.

शुक्रवारी सकाळी उतारावर आधी मोजणी केली, मग कागद वाटले. जिथे पुस्तिका वाटल्या होत्या तिथेच, त्याच हातांत. संध्याकाळी सभागृह भरलं. हिराबाई आणि सगळ्याजणी विक्री आटोपून आल्या होत्या. बाबा मागच्या रांगेत, कुठल्याही सभेला बसतात तसे बसले होते. हमीदभाईंना दाराशी पायऱ्या असल्याने चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. सर्वांना सामावून घेणाऱ्या जागेची सुनावणी, आणि सभागृहाला उतार नाही. हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी उठून शुद्धिपत्रक वाचलं. एक गृहस्थ लगेच म्हणाले, "मग बाकीचं खरं कशावरून?" मी म्हणाले, "सगळे कागद बाहेर टेबलावर आहेत. तपासा. चूक सापडली तर अजून एक शुद्धिपत्रक काढीन." नवीन इमारतींतले एक सभ्य काका उठले. "बायकांबद्दल आदर आहे, पण मुलाबाळांना घेऊन फिरायला जायचं तिथे वास येतो हो."

हिराबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, बुधवारी सकाळी पयला वाटा तुमीच उचलता. तवा नाकाला रुमाल नसतो."

सभागृहात हशा पिकला. काकाही हसले, मान्य करावं लागेल. मग हमीदभाईंनी हात वर केला. "माझा एकच अर्ज आहे. माझा रस्ता फुलांकडे नेऊ नका. हिच्या पाटीपर्यंत न्या. चार वर्षांचा हिशोब चुकता करायचाय."

"या चाचा," हिराबाई म्हणाली, "पन चाक वाट्यावर आलं तर मी वळखनार नाय."

आराखडा त्या दिवशी मंजूर झाला नाही. परत मोजायचं ठरलं, आठवड्याचे सातही वार. मला काढतील असं वाटलं होतं. सरांनी सोमवारी सकाळी नवा कागद पुढे टाकला. हिरवळ गेली होती. होड्यांना लागतो तो उतार चाकाच्या खुर्चीला जीवघेणा असतो, म्हणून त्यांनी दोन्ही वेगळे केले. उतार होता तसाच, फक्त पाणी वाहून जायला खाचा आणि वर एक नळ. त्याच्या कडेने खुर्चीचा रस्ता तीन वळणं घेत, दर वळणावर सपाट जागा ठेवून, खाली विक्रीच्या जागेपाशी पोचणारा. "तुझे सात वार झाले की पक्कं करू," म्हणाले. सात वार झाले, पक्कं झालं.

बांधून झाल्यावर आधी मी खुर्चीत बसून उतरले. हमीदभाईंच्या बेगमनी ढकललं, आणि दुसऱ्या वळणावर थांबून म्हणाल्या, "इथे जरा सावली हवी होती." बरोबर होतं. आता तिथे करंजाचं झाड लावलंय, वाढतंय. पहिल्या बुधवारी हमीदभाईंनी चार वाटे नाकारले आणि पाचव्यावर बोट ठेवलं. हिराबाई म्हणाली, "चाचा, हा सगळ्यात वाईट हाय." त्यांनी तोच घेतला.

इथे थांबले असते तर बरं वाटलं असतं. पण शुद्धिपत्रकाला पुढे एक ओळ जोडायची आहे. काम चालू असताना उतार बंद होता, एक अख्खा पावसाळा आणि वर काही महिने. तेवढे दिवस त्या बायका कुठे बसतील याचा कागद मी केलाच नव्हता. मी काठ आधी कसा आहे आणि नंतर कसा होईल एवढंच मोजलं, मधले दिवस मोजले नाहीत. बहुतेकजणी परत आल्या. सखूबाई, जिला हिराबाईने हाक मारून गवताचं सांगितलं होतं, ती आली नाही. ती लांब महामार्गाच्या कडेला बसायला लागली, तिथलं गिऱ्हाईक जमलं, आणि आता या वयात पुन्हा जागा बदलायची तिची तयारी नाही. मी भेटायला गेले होते. ट्रकच्या धुरळ्यात बसली होती. "चांगलं झालंय म्हंतात," म्हणाली. "बघाया येईन कवातरी." अजून आलेली नाही. आता कुठल्याही कामात मी बांधकामाच्या दिवसांचा वेगळा नकाशा मागते. लोक कंटाळतात, तरी मागते.

मागच्या सोमवारी दुसऱ्या एका शहरातले अधिकारी आमचा काठ बघायला आले होते. मी त्यांना फिरवत होते. दोन्हीकडे तोंडाच्या बाकांवर मास्तर रस्त्याकडे बघत बसले होते, चार मुली बिनकामाच्या बसल्या होत्या. सगळं बघत आम्ही शाळेमागे आलो. उतारावर पालथ्या होड्या आणि एक मांजर. खालच्या सपाट जागेवर फक्त हमीदभाई, पाण्याकडे बघत.

"एवढा मोठा भाग रिकामाच ठेवलाय?" अधिकारी म्हणाले. "इथे एखादं छान कॅफे बसलं असतं." त्यांनी वही काढली आणि लिहायला पेन टेकवलं.

मी त्यांच्या वहीवर हात ठेवला. "आज नका लिहू. परवा या."

"का? परवा काही कार्यक्रम आहे?"

"नाही," मी म्हणाले. "बुधवार आहे."